वारसा आणि दोष

ताईला पाहायला मंडळी येत, त्या दिवशी पोह्यांच्या बशा आई स्वतः बाहेर आणीत नसे. हात पदराखाली घेऊन ती माजघराच्या दाराशी उभी राही. तिची बोटे करंगळीकडे झुकली होती आणि मूठ वळत नव्हती. दुखणे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे. घरात त्याला नुसते ‘वात’ म्हणत. आईचा वात मुलीत उतरेल या शंकेने स्थळ हातचे जाऊ नये, एवढाच त्या लपवण्याचा हेतू. ती फसवणूक होती काय?

शंका अगदीच निराधार नव्हती. आपले आणि परके यांची ओळख पटवण्यात एचएलए-डीआरबी१ या जनुकाचा मोठा वाटा असतो. या रोगाशी निगडित असलेल्या त्याच्या प्रकारांत सत्तर ते चौऱ्याहत्तर या स्थानांवर अमिनो आम्लांचा एक समान क्रम आढळतो, अशी मांडणी ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर यांनी १९८७ मध्ये केली. पण एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत तीच असूनही, एकाला हा रोग असता दुसऱ्याला तो शंभरांत पंधरांच्या आसपासच होतो. मग मुलीच्या बाबतीत खात्रीने काय सांगायचे होते?

अशा वेळी आपण ‘प्रारब्ध’ म्हणून मोकळे होतो. मला तो शब्द येथे चुकीचा वाटतो. प्रारब्धात कर्ता आणि भोक्ता एकच असतो. तो न्याय कठोर असेल, पण न्याय आहे. जनुकाच्या व्यवहारात कर्ता कोणीच नाही. ‘माझ्यामुळे पोरांच्या मागे लागेल’ असे आई म्हणे. परंतु देणे म्हटले की निवड आली, आणि तिने काहीच निवडले नव्हते.

ताईला रोग झाला नाही. तो मला झाला, पन्नाशीत. माझे हात पाहायला कधी कोणी आले नव्हते.

मी वीस वर्षे सिगारेट ओढली होती. स्वीडनमध्ये क्लारेस्कोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की त्या जनुकप्रकाराच्या दोन्ही प्रती असलेल्या धूम्रपीला, दोन्हींपासून मुक्त असलेल्याच्या तुलनेत, रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे आढळणाऱ्या संधिवाताचा धोका एकवीस पट असतो. म्हणजे वारसा माझा नव्हे, पण धूर माझा. येथे तरी दोष माझ्याकडे येतो ना? मलाही बरीच वर्षे तसेच वाटे. मात्र माझ्याहून अधिक ओढणारा एक मित्र आजही सकाळी सहज मूठ वळतो. कृत्य दोघांचे एकच. धूम्रपानाबद्दल आम्हा दोघांना सारखाच बोल लावा, तो मी घेईन. पण माझ्या बोटांकडे पाहून त्यात जास्तीची भर घालण्याचा अधिकार कोणाला पोचतो, हे मला कळत नाही.

आईबद्दल मात्र माझे मत बदलत गेले. रुग्णाच्या मुलांचा धोका इतरांच्या तिप्पट धरला, तरी तो शंभरांत दोनतीनच. एवढी शक्यता न सांगणे ही फसवणूक नव्हे. पाहुण्यांच्या घरीही न सांगितलेले काहीतरी असणारच. पण पोहे तिनेच केलेले असत, आणि ते छान झाले आहेत असे पाहुण्यांनी म्हटले, की बाहेर ताईचे नाव सांगितले जाई. आई दाराशीच उभी असे.