कुणाकडून आलात?

निवडणूक तोंडावर आली आणि कोणी दारात उभं राहून "मतदान करा" म्हणालं, की धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुमसारख्या गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो. कुणाकडून आलात? "कुणाकडूनच नाही" हे उत्तर पटत नाही, आणि न पटण्यात लोकांची काही चूक नाही. नगर परिषदेचं गाव आहे, एकमेकांची आडनावं, गल्ल्या, सोयरीक सगळ्यांना पाठ आहे. अमक्याचा पोरगा म्हणजे तमक्या गटाचा, हा हिशेब तो पोरगा तोंड उघडण्याआधीच झालेला असतो. फुकट कोणी उन्हात फिरत नाही, हा अनुभव कित्येक निवडणुकांनी दिलेला.

म्हणून मतदान वाढावं यासाठी राबणाऱ्या स्वयंसेवकाची परीक्षा घोषणांत किंवा प्रभातफेरीत होत नाही. ती एका ठरावीक दारात होते. या घरातली पाचही मतं आपल्याला नको असलेल्या उमेदवाराला जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्या घरातल्या आजीला केंद्रापर्यंत न्यायला माणूस नाही, सुनेचं नाव यादीत नाही, हेही ठाऊक असतं. तिथे तो जातो का? जात असेल तर तो स्वयंसेवक. ते दार चुकवून पुढच्या गल्लीत वळत असेल तर तो प्रचारकच, फक्त बिनपगारी. स्वतःचं मत असण्यात काही गैर नाही, ज्याला मत नाही त्याने दुसऱ्याला मतदानाचं काय सांगावं? पण ते मत कोणतं दार वाजवायचं हे ठरवू लागलं, की काम बिघडलं.

कायद्यालाही ही मेख माहीत आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 123 मध्ये मतासाठी लाच देणं जसं भ्रष्ट आचरण आहे, तसंच उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने मतदारांना फुकट गाडीने केंद्रावर नेणं हेही आहे. आपल्याकडे पहिल्याला लोक 'लक्ष्मीदर्शन' म्हणतात आणि दुसऱ्याला नावही देत नाहीत, इतकी ती रीत झाली आहे. गाडीतून उतरणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी काही सांगायची गरज नसते. गाडी कुणाची आहे, एवढं त्याला दिसतं.

टक्का म्हणजेच पुण्य, असं मला म्हणूनच वाटत नाही. 2024 च्या विधानसभेला मुंबईतल्या कुलाब्यात निम्मेही मतदार घराबाहेर पडले नाहीत आणि कोल्हापूरकडच्या करवीरने सुमारे 85 टक्क्यांपर्यंत मजल मारली. करवीरचं कौतुक जरूर करावं. पण नगर परिषदेच्या निवडणुकीत एकेका प्रभागात रांगा लागतात तेव्हा त्यातली किती माणसं आपल्या पायाने आली आणि किती आणली गेली, हे टक्केवारी सांगत नाही. बोटावरच्या शाईचा फोटो टाकून न आलेल्यांना हिणवणारेही तो प्रश्न विचारत नाहीत. शाळेतल्या मुलांकडून आई-बापांची संकल्पपत्रं भरून घेण्याची पद्धत आहे, तिच्याबद्दलही माझ्या मनात थोडी अढी आहे. लेकराच्या हातून बापाची सही घेणं हा लाडाचाच दबाव, पण दबावच.

न येणाऱ्याकडे जरा नीट पाहायला हवं. 2024 च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला झालं आणि त्या वर्षीचा ऊस गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासून सुरू करायचं सरकारने ठरवलं होतं. बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड टोळ्या उचल घेऊन बसलेल्या असतात. मुकादमाचा निरोप आला की कोयता निघतो, नवरा-बायको दोघंही. मतदानाला परत यायचं तर खाडा पडतो आणि जाण्यायेण्याचं भाडं खिशातून जातं. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी कायद्यात आहे. टनावर मजुरी घेणाऱ्याला ती देणार कोण? मुरुममध्येच विठ्ठलसाई साखर कारखाना आहे. साखरपट्ट्यात कुठेही हंगाम सुरू झाला, की फडाच्या कडेला बाहेरगावच्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्या कोपीत जाऊन "लोकशाहीचा उत्सव" असं म्हणून दाखवावं.

खरं काम निवडणुकीच्या आधी, कोणाचं लक्ष नसताना असतं, आणि ते फार कंटाळवाणं असतं. लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या यादीत राहिलेलं असतं. तिचा नमुना 8 भरायचा. ज्याचं नाव कुठेच नाही त्याचा नमुना 6. अठरा पूर्ण झालेल्यांना पूर्वी 1 जानेवारीचीच तारीख होती, आता एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीखही धरतात. घरात असलेल्या पोरापोरींना हे माहीत नसतं. 85 च्या पुढच्या आणि 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मतदाराला घरून मत देता येतं, पण त्याचा 12-ड नमुना अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. मतदानाच्या सकाळी खुर्ची घेऊन धावणाऱ्याने हे महिनाभर आधी सांगितलं असतं तर खुर्ची लागलीच नसती. आणि हे सांगायचं ते समोरच्याच्या बोलीत. या सीमाभागात काही घरांत कन्नड चालते, काहींत उर्दू, तांड्यावर गोरमाटी.

यादीचा प्रश्न आपल्या लोकशाहीइतकाच जुना आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभरात सुमारे 28 लाख स्त्रियांची नावं वगळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई अशी नोंद केली होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशा नोंदी मानल्या नाहीत. त्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. आपला भाग तर 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाची प्रजा होता, आणि चार वर्षांच्या आत, 1952 मध्ये, इथल्या शेतमजुराने आणि त्याच्या बायकोने पेटीत मत टाकलं.

दारोदार जाऊन कोणाची बाजू न घेता माहिती देणारी माणसं या पट्ट्याने पाहिली आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात तेव्हाच्या उमरगा तालुक्यातलं सास्तूर उद्ध्वस्त झालं. पुढे घरदुरुस्तीच्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेने गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणलं. हप्ता कधी मिळेल, कागद कोणता लागेल, हे त्या घराघरांत सांगत. तडा गेलेली भिंत कोणत्या गटाची, हा प्रश्न तिथे गैरलागू होता. मतदार यादीच्या कामाला याच जातीची माणसं लागतात, आणि बायका लागतात, कारण सुनेचं नाव कुठे अडलंय हे ओसरीवरच्या पुरुषाला सांगता येत नाही.

नाव घालण्याइतकंच नाव काढण्याचं काम आहे, आणि ते जास्त अवघड आहे. सीमेपलीकडच्या आळंद मतदारसंघात 2023 च्या कर्नाटक निवडणुकीआधी नावं वगळण्याचे 6,018 ऑनलाइन अर्ज आले. पडताळणी केली तेव्हा त्यातले फक्त 24 खरे निघाले. माणसं घरात होती आणि कागदावर ती गाव सोडून गेलेली. नाव वगळण्याचा नमुना 7 हा असा दुधारी आहे. खरा वापरला तर मेलेल्याचं, दुबार असलेल्याचं नाव निघतं. खोटा वापरला तर विरोधकाची गल्लीच यादीतून जाते.

आता आपल्याकडचं. पुण्याला, हैदराबादला, सोलापूरला गेलेली किती घरं आहेत, गल्लीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. त्यातल्या काहींची नावं दोन्हीकडे आहेत, काहींची फक्त इथे. निवडणुकीला ट्रॅव्हल्सने त्यांना आणणारे आणतात, आणि गावाच्या टक्क्यात त्यांचीही भर पडते. स्वयंसेवकाच्या वहीत या नावांपुढे काय लिहायचं? ज्याचं पोट तिकडे आहे त्याने मत तिकडे नोंदवावं, त्यासाठी नमुना 8 भरावा, हे फोन करून सांगणारा गावात वाईट ठरतो. "आमचं गावाशी नातं तोडतोस काय रे?" असं त्याचाच चुलता विचारतो. आणि चुलत्याचं ऐकून तो गप्प बसला, तर पलीकडच्या गटाच्या दुबार नावांवर बोट ठेवायला त्याला तोंड उरत नाही. माझ्या ओळखीतले दोन-तीन चांगले कार्यकर्ते याच जागी अडलेले आहेत. त्यांतल्या एकाने सुरुवात सख्ख्या भावाच्या फॉर्मपासून केली. भावाने अजून सही केलेली नाही.