काका, भार टाका

अण्णा आयुष्यभर मापाडी. नेप्तीच्या कांदा मार्केटमध्ये गोणी काट्यावर चढली की आकडा स्थिरावायच्या आत त्यांच्या तोंडून वजन निघायचं, आणि चूक झालीच तर किलोभराची. शुगरनं त्यांचा उजवा पाय नेला. दुखणं अंगठ्याचं होतं, कापावं लागलं गुडघ्याखाली.

ऑपरेशननंतर केडगावच्या घरी आणलं तेव्हा आईनं मायेनं त्या गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली. ती उशी मी दिवसातून चार वेळा काढायचो. गुडघा वाकलेला राहिला की तसाच आखडतो, मग पुढं कितीही चांगला पाय बसवा, उपयोग नाही. मायेची आणि उपचाराची अशी भांडणं घरात रोज. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी पट्टी गुंडाळायची, सूज उतरवायची, टाके सुकायची वाट पाहायची. रात्री अण्णा म्हणायचे, "अगं, अंगठा खाजतोय." कुठला अंगठा, हे विचारायचं आईनं लवकरच सोडून दिलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात पाय गमावलेल्या सैनिकांकडूनही डॉक्टरांनी हेच ऐकलं होतं. त्यांच्यातल्याच वीअर मिचेल यांनी 1871 मध्ये त्याला भासमान अवयव असं नाव दिलं. नाव मिळाल्यानं खाज थांबत नाही, पण माणसाला वेड लागलेलं नाही एवढा तरी दिलासा घरच्यांना मिळतो.

मग जयपूर फूट आला. पाहिल्याबरोबर अण्णा म्हणाले, "हा तर शेतातला पाइप!" फार चुकले नव्हते. पोटरीचा भाग प्लास्टिकच्या पाइपचाच होता. तो भट्टीत तापवून, उरलेल्या पायाच्या प्लास्टरच्या साच्यावर चढवून बनवतात. खालचं पाऊल रबराचं, बोटंसुद्धा कोरलेली. 1968 च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ते घडवलं. शर्मा हे कारागीर, सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. विलायती पाऊल बुटात घालायचं आणि खुर्चीत बसायचं, या हिशेबानं केलेलं. आपल्याकडं माणूस उंबऱ्याशी चप्पल काढतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, ओल्या रानात अनवाणी जातो. म्हणजे अडचण पायाची होती त्याहून जास्त जमिनीची होती, आणि ती बैठकीत वाढलेल्या माणसालाच कळणार. 1981 चा मॅगसेसे पुरस्कार मात्र एकट्या सेठींना मिळाला. हे मला अजून खटकतं.

पाय मिळाला म्हणजे चालता येतं, हा समज शिबिरांच्या फोटोंनी पसरवलाय. पाहुणे, हार, उभा केलेला माणूस. उरलेला पाय पुढं कित्येक महिने आकसत जातो, सॉकेट ढिलं होतं, मोज्यावर मोजा चढवावा लागतो, शेवटी सॉकेटच बदलावं लागतं. तेव्हा फोटोग्राफर नसतो. नर्तकी सुधा चंद्रन यांचा अपघात 1981 चा, 1984 मध्ये त्या जयपूर फूट लावून पुन्हा रंगमंचावर नाचल्या. ही गोष्ट आम्हीही अण्णांना उत्साहानं सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "मला नाचायचं नाही. रात्री बाथरूमला जायचंय."

खरी अडचण वेगळीच निघाली. फिजिओथेरपीच्या मॅडमनी त्यांना दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं आणि नव्या पायाखाली वजनकाटा ठेवला. "काका, भार टाका." अण्णांचं वजन बासष्ट किलो, काटा अकरावर. "टाकला की!" अण्णा म्हणाले. दुसऱ्यांच्या गोणीचं वजन नजरेनं ओळखणाऱ्या माणसाला स्वतःचा भार कुठं आहे ते कळत नव्हतं. उरलेला सगळा डाव्या पायावर आणि दांडीवर आवळलेल्या मुठींत.

आपण भार टाकतो तो तळव्याला जमीन लागते म्हणून. रबराच्या तळव्याकडून काही निरोपच येत नाही. जे कळायचं ते वर, सॉकेटच्या कडेला. मराठीत माणसावर भार टाकतात तो त्याचा अनुभव असेल तर. या पायाचा अनुभव भार टाकल्याशिवाय येत नाही आणि अनुभवाशिवाय भार टाकवत नाही. बाहेरून कुणी धीर देऊन हा पेच सुटत नाही. अकराचे वीस व्हायला तीन आठवडे लागले. घरात चालताना चप्पल मागं राहायची, यांना पत्ताच नाही. नातू ती घेऊन मागून पळायचा.

नवरात्रात नगरहून लोक केडगावच्या रेणुकामातेला अनवाणी चालत येतात. आमचं घर तर तिथंच, तरी पहाटेपासून आवरता आवरता दुपार झाली. अण्णांनी काठी घेतली, चप्पल काढली आणि रांगेत उभे राहिले. फरशी चांगलीच तापली होती. पुढचे मागचे सगळे एक पाय उचल, दुसरा टेक असं करत होते. अण्णाही सुरुवातीला चुळबुळले. मग त्यांनी डावा पाय अलगद टाचेवर उचलला, सगळं अंग उजव्या पायावर सोडून दिलं आणि पुढच्या माणसाशी कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिले.