तांब्या पानाजवळ

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका छोट्या कारखान्यात मी नुकताच लागलो होतो. वजनकाट्यांचे बोर्ड बनवायचो आम्ही. मी स्वतः आखलेला पहिला बोर्ड गुळाच्या वखारीतल्या काट्यात बसला. आठवडाभर सगळं ठीक चाललं. मग तक्रार आली, वजनात ८ आला की काटा कधीकधी एकदम शून्यावर जातो.

मला ते फार लागलं. वखारीत शेतकरी काट्यासमोर उभा असतो. वर्षभराचा ऊस, गुऱ्हाळावरची रात्र, सगळं त्या गुळाच्या रव्यात उतरलेलं असतं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिथं शून्य उमटतं.

८ च का, हे कळायला वेळ लागला नाही. १ दाखवायला दोन पट्ट्या पेटतात, ८ ला सातही एकदम. त्या क्षणी चिपला करंट जास्त लागतो. मग विजेचा साठाच वाढवू, असं ठरवलं. सप्लायच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता, तो काढून २२०० चा लावला. त्यानंतर ४७०० चा, अंगठ्यापेक्षा जाड. काटा तरी ८ ला अडखळायचाच.

शेवटी कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या काकांपुढे बोर्ड ठेवला. त्यांनी ऑसिलोस्कोपच्या प्रोबची लांबलचक काळी वायर काढली. तीच वायर इकडचातिकडचा गोंधळ गोळा करते आणि मग खरं काही दिसत नाही. टोकाला छोटी स्प्रिंग बसवून प्रोब मोठ्या कपॅसिटरवर टेकवला. ५ व्होल्टची रेघ जवळजवळ सरळ. मग तोच चिपच्या पायावर टेकवला. आकडा पेटला की रेघेत सुईसारखा खड्डा.

"हे १०४ हितं का उभं केलंस?"

मसुरीच्या दाण्याएवढे सहा पिवळे कपॅसिटर मी मोठ्या कपॅसिटरशेजारी ओळीनं बसवले होते. १०४ म्हणजे १० वर चार शून्यं, १,००,००० पिकोफॅरड, ०.१ मायक्रोफॅरड.

"काका, सर्किटच्या नकाशात कोपऱ्यात तसेच ओळीनं काढलेत."

"नकाशात जागा कळत न्हाई, जोडणी कळती." काका थोडं थांबले. "गावात पंगतीला बसलायस न्हवं? जेवता जेवता ठसका लागला, तर परसातल्या रांजणाचा काय उपेग? तांब्या पानाजवळ पायजे."

मी कागद घेतला. ट्रॅकच्या दर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री इंडक्टन्स धरतात. माझ्या बोर्डावर सप्लायपासून चिपपर्यंत ५० मिलिमीटर, म्हणजे ५० नॅनोहेन्री. ५ नॅनोसेकंदांत करंट ७० मिलिअँपिअरनं वाढला, तर त्या वाटेतच ०.७ व्होल्ट अडतात. चिपच्या पायाशी ५ चे क्षणभर ४.३ होतात, आणि चिप पुन्हा शून्यापासून सुरू होते. माझा साठा वाटेच्या पलीकडे होता. तो दुप्पट केला काय, चौपट केला काय, वाट तेवढीच लांब. त्यात जाड इलेक्ट्रोलिटिक मुळातच धिमा, इतक्या घाईच्या हाकेला तो धावूच शकत नाही.

काकांनी एक १०४ उपसला. त्याचे पाय जेमतेम २ मिलिमीटर ठेवून छाटले, बोर्ड पालथा केला आणि चिपच्या सप्लाय आणि ग्राउंड या दोन पायांमध्येच तो डाख देऊन बसवला. राळेचा धूर निघाला, डाख चकाकून गोठला. बाकीचे पाच त्यांनी माझ्याकडून लावून घेतले, ज्याचा त्याच्या चिपपाशी. एकाचा पाय मी लांब ठेवला तर तो काढायला लावला. लांब पाय म्हणजे पुन्हा तेवढी वाट.

संध्याकाळपर्यंत आम्ही काट्यावर वजनं ठेवत होतो. ८, १८, २८. एकदाही शून्य आलं नाही. स्कोपवरचा खड्डा नखानं ओरखडल्याएवढा उरला होता.

मी उत्साहानं मोठा कपॅसिटर उपटायला निघालो, तशी काकांनी माझं मनगट धरलं. "आरं, रांजण न्हाई तर तांब्या भरायचा कुठनं? १००० चा होता त्यो परत लाव."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः वखारीत जाऊन बोर्ड बदलला आणि दुपारपर्यंत काट्याजवळ थांबलो. एका रव्याचं वजन २८ वर येऊन थांबलं. समोरच्या शेतकऱ्यानं आकडा मनाशी पुटपुटला आणि पुढचा रवा उचलला.

पुढचा बोर्ड आखायला बसलो, तेव्हा आधी एक चिप ठेवली, तिच्या पायाशी १०४ ठेवला, आणि मगच दुसऱ्या चिपला हात लावला.