मोहर्लीच्या वाटेवरचे खांब आणि तारूचे ठाणे

मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर उंच दगडी खांब उभे असून, चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, गोंड राजे इकडे येत तेव्हा या खांबांवरून ओढलेल्या दोराला बांधलेल्या घंटा वाजवून पुढे वर्दी दिली जाई, असे परंपरा सांगते. 1751 मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे आणि 1818 मध्ये त्याचा किल्ला इंग्रजांकडे गेला; वर्दी ज्याची द्यायची तो राजाच उरला नाही. आज चंद्रपूरच्या जटपुरा वेशीवरचे हत्तीवर स्वार झालेल्या सिंहाचे गोंड राजचिन्ह वाहनांच्या गर्दीत जसे दिसेनासे होते, तसेच हे खांबही वाघ शोधणाऱ्या जिप्सीतून सहसा कोणाच्या नजरेस पडत नाहीत.

तलावाकाठच्या झाडाखालचे तारूचे ठाणे, म्हणजे देवाची वस्तीची जागा, मात्र अजून जागते आहे. तारू हा गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, ताडोबा हे नाव त्याचेच, अशी लोकश्रद्धा आहे. गोंडी धर्मकल्पनेत देवाला ‘पेन’ म्हणतात आणि मृत पूर्वज विधीनंतर कुळाच्या पेनात मिळून जातो. तेव्हा येथे देवत्व जन्मसिद्ध नसून ते जिवंतांनी मेलेल्याला द्यायचे असते. मग 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि 1995 च्या सुमारास व्याघ्र प्रकल्प झालेल्या या जंगलाच्या गाभ्यातून नवेगाव, जामणीसारखी गावे उठल्यावर तो देव कोणाच्या आधाराने राहतो, हा प्रश्न उरतोच. ईश्वर सर्वत्र आहे, हे वेदान्ती उत्तर कितीही भव्य असले तरी येथे ते कामाचे नाही, कारण तारू सर्वत्र नाही. तो मेला तेथेच आहे.

कुळाचा पेन कुळाबरोबर नव्या गावी नेता येतो, त्याचे ठाणे पुन्हा मांडता येते. मरणाची जागा मात्र उचलून नेता येत नाही, आणि पुनर्वसनाच्या कागदावर तिच्यासाठी रकाना नसतो. म्हणून पौषात जत्रेला माणसेच तारूकडे येतात, वनखात्याच्या नियमांत राहून, नारळ घेऊन.