कायक, दासोह आणि सिलिकॉनची चकती

बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी कल्याण येथे कायक आणि दासोह ही दोन तत्त्वे रुजवली. कायक म्हणजे स्वतःच्या अंगमेहनतीने, सचोटीने केलेले काम. दासोह म्हणजे त्या कामाचे फळ समाजाला अर्पण करणे. कल्याण म्हणजे बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. दोर वळणारे नुलिय चंदय्या, नावाडी अंबिगर चौडय्या, धुणी धुणारे मडिवाळ माचय्या हे शरण, म्हणजे बसवेश्वरांच्या मार्गाचे अनुयायी, तत्त्वचर्चेत बरोबरीचे मानले गेले. सेमीकंडक्टर निर्मितीवर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाचे काम कायक-दासोहाच्या कसोटीला उतरते का, हा आजचा प्रश्न आहे.

या संशोधनात हाताच्या कामाला पर्याय नाही. जिच्यावर चिप घडते ती सिलिकॉनची चकती भट्टीत जाण्यापूर्वी आधी अमोनिया व हायड्रोजन पेरॉक्साइडच्या गरम द्रावणात धुतात; त्याने धूलिकण आणि सेंद्रिय मळ निघतो. मग हायड्रोक्लोरिक आम्ल व पेरॉक्साइडच्या द्रावणात धातूंचे अंश निघतात. प्रत्येक पायरीनंतर अतिशुद्ध पाण्याने खळबळायचे. फोटोलिथोग्राफीच्या, म्हणजे प्रकाशाने चकतीवर नक्षी उमटवण्याच्या, खोलीत पिवळाच उजेड असतो, कारण चकतीवरचा फोटोरेझिस्टचा प्रकाशसंवेदी थर निळ्या व अतिनील प्रकाशाने बिघडतो. धुण्यात कसर राहिली, की समीकरण कितीही अचूक असो, ट्रान्झिस्टर बिघडतो. ज्ञान श्रेष्ठ आणि हातकाम कनिष्ठ, हा भेद इथे टिकत नाही. शरणांच्या मते गुरूलाही कायकातून सूट नाही. म्हणून सगळी धुलाई विद्यार्थ्यांवर सोपवून नुसते नाव लावणारा प्राध्यापक या कसोटीला उतरत नाही.

दासोहाची बाजू प्रा. व्ही. रामगोपाल राव यांच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसते. ते १९९८ मध्ये आयआयटी मुंबईत विद्युत अभियांत्रिकी विभागात रुजू झाले. त्यांना २००५ मध्ये भटनागर पुरस्कार आणि २०१३ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. केंद्र सरकारच्या निधीतून आयआयटी मुंबई आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथे २००६ मध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची उत्कृष्टता केंद्रे उभी राहू लागली. मुंबईतल्या केंद्राच्या उभारणीत राव आणि त्यांचे सहकारी अग्रभागी होते. पुढे ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम’मधून या केंद्रांतली महागडी यंत्रे देशभरातल्या महाविद्यालयांच्या संशोधकांना खुली झाली. स्वतःची प्रयोगशाळा उभारण्याची ऐपत नसलेल्या संस्थेतला संशोधकही तिथे येऊन हाताने उपकरण घडवू शकतो. हा दासोहच आहे.

एक आक्षेप मात्र उरतो. चिप घडवताना हायड्रोफ्लोरिक आम्लासारखी घातक रसायने आणि भरपूर पाणी लागते. प्रयोगशाळेतली हवा निर्मळ आणि बाहेर सोडलेले पाणी विषारी, असे काम कायक ठरत नाही. शरण आयदक्की मारय्यांनी गरजेपेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मा यांनी ते परत करायला लावले, अशी कथा आहे. साधनाची शुद्धी आणि गरजेची मर्यादा, दोन्ही कायकातच येतात.

म्हणून निर्णय असा: चकती धुण्यात स्वतः हात घालणारा, ते पाणी निर्मळ करूनच सोडणारा आणि आपली यंत्रे इतरांना खुली करणारा प्राध्यापक बसवेश्वरांच्या अर्थाने कायकच करतो.