वाट एकच असेल तर

किर्लोस्करवाडी, ओगलेवाडी ही नावे उद्योजकांची. पाताळगंगेकाठच्या रसायनीला मात्र नाव मिळाले ते मालाचे. 1960 साली स्थापन झालेली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘एचओसी’, इथे आली ती रंगांना आणि औषधांना लागणारी मूळ रसायने देशातच तयार व्हावीत म्हणून. तिच्या भट्ट्या तापत होत्या त्याच सुमारास 1970 चा पेटंट कायदा झाला. औषधे आणि रासायनिक पदार्थ यांच्यासाठी त्यात पेटंट होते ते फक्त प्रक्रियेवर, पदार्थावर नाही. एखाद्याची रीत त्याची, पण तोच पदार्थ तुम्ही वेगळ्या रीतीने केलात तर तुमच्या दारात कोणी येणार नाही. 2005 पर्यंत भारतीय औषधउद्योग या आडवाटेनेच वाढला.

त्याच रसायनीच्या फलाटावर आज खिशातला फोन वाजतो, तेव्हा ही सोय नसते. माणिकगडाच्या बाजूला उभ्या असलेल्या टॉवरशी फोनला ठरलेल्या भाषेतच बोलावे लागते. 4जी किंवा 5जीचे मानक पाळताना ज्या युक्त्या टाळताच येत नाहीत, त्यांची पेटंटे नोकिया, एरिक्सन, क्वालकॉम अशा कंपन्यांकडे आहेत. रसायनात आडवाट निघत होती, इथे नाक्यावरूनच जावे लागते. म्हणून मानक ठरतानाच पेटंटवाले कबूल करतात, की लायसन्स सर्वांना न्याय्य, वाजवी आणि भेदभाव न करता देऊ.

खरी मेख ‘वाजवी’त आहे. ओप्पोचा नोकियाशी 2018 चा करार होता. तो 2021 मध्ये संपला, फोन विकणे चालूच राहिले. नोकिया दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जुलै 2023 मध्ये खंडपीठाने, जुना करार पाहून, ओप्पोला रक्कम जमा करायला लावली. जानेवारी 2024 मध्ये दोघांनी परस्परांची पेटंटे वापरण्याचा करार केला आणि जगभरचे दावे मिटवले. मायक्रोमॅक्सवर एरिक्सनने 2013 मध्ये दावा लावला होता. तोही 2018 मध्ये तडजोडीने संपला. लाव्हा मात्र एरिक्सनशी शेवटपर्यंत लढली आणि मार्च 2024 मध्ये तिच्यावर सुमारे 244 कोटी रुपयांच्या भरपाईचा निकाल लागला.

माझ्या मते यातले बहुतेक दावे म्हणजे चोरीचे खटले नव्हेतच. ती घासाघीस आहे, फक्त वकिलांच्या तोंडून केलेली. घासाघिशीत गैर काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्या बाजारात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत, आणि माल ज्याचा तो शेतकरी शेजारी नुसता उभा राही. नोकिया-ओप्पोची रक्कमही अशीच रुमालाखाली आहे. शेजाऱ्याला काय भाव लागला हे कळलेच नाही, तर आपल्याला लागलेला भाव भेदभावरहित आहे हे नव्या, लहान कंपनीने ताडायचे कशावरून? न्यायालयाला बंद लिफाफ्यात करार दाखवतात, पण तो दावा लागल्यावर. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांसाठीच्या प्रत्येक कराराचा निदान दर तरी नोंदला जावा.

दुसरा उपाय सावकाशीचा आहे. ओप्पोला परस्पर करार करता आला, कारण तिच्यापाशीही पेटंटे होती. लाव्हाच्या पिशवीत मोबदल्यात द्यायला तसे फारसे नव्हते. टॉवर दूर दूर असलेल्या खेड्यांसाठी आपल्याकडच्या संशोधकांनी ‘5जीआय’ घडवले, पुढे ते जागतिक 5जी मानकात सामावून घेतले गेले. वाटाघाटीच्या मेजावर हातात काही घेऊन बसायची ती सुरुवात होती.

आणि जिथून सुरुवात केली त्या एचओसीचे काय झाले? मे 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतले तोट्यातले विभाग बंद करायचे ठरवले. जमिनीचा मोठा तुकडा भारत पेट्रोलियमकडे गेला. एकच विभाग वाचला, नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. अग्निबाणांना लागणारे हे द्रव्य देशात दुसरीकडे कुठे होत नव्हते, म्हणून तो इस्रोकडे सोपवायचे ठरले.