कारवीच्या मापाने

जरा बसा. बोरिवली पूर्वेच्या एखाद्या शाळेच्या कुंपणाशी, चपला काढून. आषाढातली ओली सकाळ आहे असं समजा. हायवेची घरघर येतेय, येऊ दे.

हातात करंजाचं रोप घ्या. काळ्या पिशवीतलं, वीतभर. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली वन महोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलै आला की पोरांच्या हाती अशी रोपं येतात. खड्डा आधीच खणलेला, मग फोटो, टाळ्या, वडापाव. (वडापावाबद्दल माझी तक्रार नाही.)

आपल्याला आज घाई नाही. पिशवी फाडा, पण मातीचा गोळा फुटू देऊ नका. तळाशी मुळं गोल गोल फिरलेली दिसतील. वाटच नव्हती, जातील कुठे? बोटांनी अलगद सोडवा. एक मूळ. मग दुसरं. श्वास आपोआप संथ होईल.

रोप हातातच राहू दे, आणि मनाने हायवेपलीकडे चला, राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या उतारावर. तिथे कारवी आहे. हिच्याच काठ्यांचा कूड घालून, वर शेणमाती लिंपून वारल्यांची घरं उभी राहिली. उन्हाळ्यात ती नुसती वाळकी काटकी दिसते. वर्षामागून वर्षं जातात, फूल नाही. आठव्या वर्षी अख्खा उतार जांभळा होतो, मग बी धरून ती मरते. २०१६ साली फुलली तेव्हा पहिलीत असलेलं मूल २०२४च्या बहरात नववीत होतं. मधल्या सात वर्षांत त्या मुलाला तिथे काय दाखवायचं? काटक्याच. रोज एक नवं पान शोधणारं मूल काटकीकडे किती वेळ बघू शकेल, यावर थोडं थांबा. उत्तर काढू नका.

आता परत या. रोप खड्ड्यात उतरवा, माती लोटा, तळव्याने दाबा. गार लागते ना?

इथे चैत्र आणा डोळ्यांसमोर. परीक्षा संपलेली, फाटकाला कुलूप, माती भेगाळलेली. रोपाला पाणी तेव्हा लागतं, आणि फोटोवाला तेव्हा येत नाही. त्या दुपारी बाटलीत उरलेलं पाणी घेऊन फाटकाशी उभं असलेलं एक पोर बघा. वॉचमनकाका किल्ली शोधतायत.